पाव गुंठा पुण्यात

फाल्गुनात आमच्या भागात हळद शिजते. वसमत तालुक्यात कुठल्याही रस्त्यानं जा, रानात बॉयलर पेटलेला असतो, वाफेचा तो ओला, कडवट वास गावात शिरलेला असतो आणि खळ्यावर पिवळे ढीग वाळत असतात. यंदा मार्चमध्ये असाच अक्काच्या घरी गेलो होतो. अक्का माझी थोरली बहीण. भाऊजी चार वर्षांपूर्वी गेले. मागं साडेचार एकर रान, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी, एक मुलगा, एक मुलगी. मुलगा शेती बघतो. मुलगी एकतीस वर्षांची आहे. पुण्यात, हिंजवडीला एका कंपनीत हिशेबाचं काम करते. लग्न केलेलं नाही. सुट्टी काढून ती हळदीच्या कामाला आली होती.

दुपारची जेवणं झाली आणि ओसरीवर दोन कागद आले. पहिला भाचीनं आणलेला. पुनावळे भागात उभ्या राहत असलेल्या इमारतीतल्या एका घराचा नकाशा, गुळगुळीत कागदावर छापलेला. वर इंग्रजी वळणाचं नाव, ‘स्टुडिओ अपार्टमेंट’. आपल्याकडं त्याला वन आरके म्हणतात. चटईक्षेत्र २९० चौरस फूट, किंमत ३० लाख, ताबा डिसेंबर २०२७. दुसरा कागद भाच्यानं वसमतच्या वकिलांकडून टाइप करून आणला होता. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. बहिणीनं आपला हिस्सा भावाच्या लाभात सोडला, असं त्यात लिहिलं होतं.

भाचा सरळ स्वभावाचा आहे. त्यानं जे मनात होतं ते सगळ्यांसमोर मांडलं. “मामा, तिला घर घ्यायला तीन लाख चाळीस हजार कमी पडतेत. हळद विकली की मी देतो. तिनं इथं सही करावी. सातबारा सामायिक झाला तर मला पीककर्जाला सारखं अडेल.”

अक्का नकाशाकडं बघत होती. तिनं एवढंच विचारलं, “देव कुठं मांडायचे गं यात?”

मला मध्यस्थ म्हणून बोलावलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. पुढचे तीन महिने मी हा प्रश्न धरून बसलो. पुण्याला दोनदा जाऊन आलो, बँकेत बसलो, वकिलांना भेटलो, तलाठी कार्यालयात गेलो. हा लेख त्यातून झाला आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत असे दोन कागद एकाच ओसरीवर येतात. ते वेगवेगळे वाचले जातात, आणि तिथंच चूक होते, असं माझं मत झालं आहे.

*

आधी घर बघून घेऊ. हिंगोलीहून, वसमतहून रात्री ट्रॅव्हल्स सुटतात. सकाळी डोळा उघडतो तेव्हा पुणे आलेलं असतं. गाडीतली निम्मी माणसं पंचविशीच्या आत-बाहेरची. कुणी चाकणला कारखान्यात, कुणी हिंजवडीला, कुणी पेठेत अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं माझ्या आजोबांच्या पिढीचं शहर हैदराबाद होतं. शिकायचं तर उस्मानिया विद्यापीठ, कोर्टकचेरी तिकडंच. पुण्याची वाट पुढच्या पिढ्यांनी पाडली. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, कार्यालयं आली, पण मोठा उद्योग आला नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, आणि त्यातली साधारण पंधरा टक्केच शहरांत राहणारी. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो, उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण हिशेबाचं काम येणाऱ्या मुलीला आज नोकरी हवी असेल तर तिला रात्रीच्या गाडीतच बसावं लागतं.

साइटवर नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं. भिंतीत घडी होणारा पलंग, आरशाचं कपाट, पिवळा मंद उजेड. मी सोबत टेप नेला होता. शेत मोजायची सवय असलेल्या माणसाला नुसतं बघून भागत नाही. मोठी खोली साडेसोळा बाय साडेदहा. ओटा सहा फुटांचा. न्हाणीघर आठ बाय चार. बाकीचा भाग दारापासून आत येणाऱ्या चिंचोळ्या वाटेत आणि ओट्यासमोर उभं राहण्याच्या जागेत गेलेला. पलंग मोजला तर सहा फुटांना थोडा कमी भरला. नमुन्याच्या घरात खोली मोठी दिसावी म्हणून तो तसा करून घेतला असावा. घर बघायला जाणाऱ्यानं टेप न्यावाच.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे हे घर पाव गुंठ्याहून किंचित मोठं. हा हिशेब मी भाचीला तिथंच सांगितला. ती म्हणाली, “मामा, माझ्या नावावर आजवर पाव गुंठासुद्धा नाही.”

त्या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. त्याकडं येतोच.

*

आता पैसे. हे नीट, कागदावर मांडलं पाहिजे, कारण विक्रीच्या खोलीत ते मांडू दिले जात नाहीत. तिथं एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं: भाडं भरताय त्यात थोडी भर घाला आणि स्वतःचा हप्ता भरा.

घराची किंमत ३० लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के. खरेदी एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर राज्यात एक टक्का सवलत आहे, म्हणून सहा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी ३० हजार. इमारत अजून अपुरी असल्यानं जीएसटी. ४५ लाखांच्या आतल्या लहान घराला तो एक टक्का, आणखी ३० हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला हा जीएसटी लागत नाही. वरखर्च झाला २ लाख ४० हजार. बँक हा खर्च घराच्या किमतीत धरत नाही. तिला ८० टक्के, म्हणजे २४ लाख कर्ज मिळत होतं. राहिले सहा लाख. दोन्ही मिळून पदरचे ८ लाख ४० हजार लागणार. तिची नऊ वर्षांची शिल्लक पाच लाख. भाच्यानं काढलेला ३ लाख ४० हजारांचा आकडा इथून आला होता.

साडेआठ टक्के दरानं वीस वर्षांसाठी २४ लाखांचा मासिक हप्ता २०,८२८ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले १७ हजार नुसतं व्याज. मुद्दल फिटतं ३,८२८. पाच वर्षं इमानानं हप्ते भरले तर साडेबारा लाख रुपये जातात आणि कर्ज उरतं २१ लाख १५ हजार. म्हणजे पाच वर्षांत मुद्दल पावणेतीन लाखांच्या वर जेमतेम हललं. वीस वर्षांत एकूण भरणा जवळपास ५० लाख. दर तरता असतो, तो वर-खाली होईल. पण हिशेबाचं स्वरूप बदलत नाही. घर पाच-सहा वर्षांत विकायचं असेल, नोकरी बदलून दुसऱ्या शहरात जायचं असेल, तर या कर्जाचा पहिला, सगळ्यात महाग तुकडाच आपण भोगतो.

ती आज वाकडजवळ अशाच एका खोलीत बारा हजार भाड्यानं राहते. हातात पगार येतो ४६ हजार. हप्ता आणि देखभाल मिळून २३ हजारांच्या आसपास, म्हणजे अर्धा पगार. शिवाय ताबा डिसेंबर २०२७ ला. तोपर्यंत भाडंही आणि बँकेनं उचललेल्या रकमेचं व्याजही. एकट्या भाड्याचेच तीस महिन्यांचे ३ लाख ६० हजार होतात. भावाकडून घ्यायच्या रकमेपेक्षा जास्त!

कर वाचतो, असं विक्रीवाल्या मुलानं सांगितलं. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाला वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, हे खरं. पण नव्या करप्रणालीत राहत्या घराला ती नाही, आणि २०२५-२६ पासून त्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. हिच्या पगाराला कर नाही, मग वाचणार काय? हा मुद्दा तिनं स्वतः त्याला सांगितला. हिशेबातली मुलगी आहे.

भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. भाड्यानं राहणारा माणूस छप्पर विकत घेत असतो, आणि नोकरी गेली तर खोली सोडून गावी यायची मोकळीकही. व्याजसुद्धा परत येत नाही. ते दिसत नाही एवढंच. पण भाड्याच्या घराचा त्रास खरा आहे, तो मी नाकारणार नाही. करार अकरा महिन्यांचा. तो नोंदवणं कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे, तरी भाचीच्या पहिल्या दोन मालकांनी तो नोंदवला नव्हता. नऊ वर्षांत पाच खोल्या झाल्या. एकटी मुलगी म्हटलं की कोण येतं, किती वाजता येते, भाऊ आहे कशावरून, अशी चौकशी. एका ठिकाणी अक्का पंधरा दिवस राहिली म्हणून मालकानं जादा पैसे मागितले होते. या गोष्टी रुपयांत मांडता येत नाहीत, पण घर घ्यावंसं वाटण्यामागं त्याच असतात.

*

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण गावाकडचा माणूस इथं हमखास फसतो. महारेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, १ मे २०१७ पासून सुरू झालं. आता विक्री चटईक्षेत्रावरच होते; नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही; ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागता येतात; बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरची. हे सगळं चांगलं आहे. पण नुसत्या रेरा क्रमांकावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला. तिथं राहणाऱ्यांनी कर्ज काढून, मुद्रांक भरून घरं घेतली होती. म्हणून मंजूर नकाशा आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला महापालिकेत किंवा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) जाऊन स्वतः तपासावा. शहराच्या कडेला गुंठ्यावर उभ्या केलेल्या चार मजली इमारतीत स्वस्तात वन आरके मिळते, तिच्या वाटेला तर जाऊच नये. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं हळदीचे पैसे अशा घरात घातले. बँक कर्ज देईना तेव्हा त्यांना कळलं की इमारतीला परवानगीच नाही.

लहान घर घेणाऱ्यानं आणखी एक गोष्ट विचारावी. ती कुणी विचारत नाही. इमारतीची पुढं सहकारी सोसायटी होणार की अपार्टमेंट? सोसायटीत देखभालीचा सेवाखर्च घर लहान असो की मोठं, प्रत्येक सदनिकेला सारखा असतो. म्हणजे २९० फुटांची मालकीण आणि ९०० फुटांचा मालक लिफ्ट, पहारा, झाडलोट यांचे सारखेच पैसे भरतात. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली मात्र खर्च ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. वीस वर्षांत या फरकाचे काही लाख होतात. आम्ही साइटवर विचारलं तेव्हा तिथल्या मुलाला प्रश्नच समजला नाही.

*

पण माझ्या मते या घराची खरी अडचण पैशांत नाही, मापात आहे. स्टुडिओ हे एका माणसासाठी आखलेलं घर आहे. आणि हिंगोलीहून पुण्याला गेलेला माणूस तिथं एकटा राहूच शकत नाही. त्याच्यामागून गाव येतं. आत्याचा मुलगा भरतीच्या परीक्षेला येतो, चुलत्याला दीनानाथ किंवा ससून रुग्णालयात दाखवायचं असतं, शेजारच्यांच्या मुलीची मुलाखत असते. भाचीच्या खोलीत मी मुक्कामाला होतो त्या चार दिवसांत गावातली दोन लेकरं परीक्षेसाठी आली. मी पलंगावर, ती दोघं खाली सतरंजीवर, आणि ती ओट्याखाली पाय पसरून. सकाळी न्हाणीघरासाठी रांग. तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती. तिलाही नऊ वर्षांपूर्वी गावातल्याच कुणीतरी असंच ठेवून घेतलं होतं.

मुंबईच्या चाळींनी हे फार आधी भोगलं आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या होत्या, आणि एका खोलीत कोकणातली, घाटावरची अख्खी कुटुंबं राहिली. पण चाळीला गॅलरी होती. पुरुष बाहेर झोपत, बायका गॅलरीत भाज्या निवडत, लेकरं शेजाऱ्यांकडं जेवत. खोली लहान होती आणि घर खोलीबाहेर पसरलेलं होतं. आजच्या स्टुडिओला मधला अंधारा बोळ आहे आणि दोन्ही बाजूंनी बंद दारं. सतरंजी बाहेर टाकायला जागा नाही. पाहुणा आला तर बसवायचं कुठं? पलंगावरच. सासरा आला, जावई आला, तरी पलंगावरच. अक्कानं देवांचं विचारलं ते यातूनच. तिच्या मनात एक साधी गोष्ट होती: म्हातारपणी लेकीकडं चार महिने राहायचं झालं तर आपण त्या खोलीत मावणार का?

मुलांच्या बाबतीत हीच खोली आणखी एका कारणानं घेतली जाते, तेही लिहून टाकतो. मराठवाड्यात आज मुलीकडचे लोक पुण्यात नोकरी, पुण्यात घर आणि गावाकडं शेत, तिन्ही विचारतात. मग बायोडाटात एक ओळ लिहिता यावी म्हणून वन आरके घेतलं जातं. लग्न होतं, लेकरू होतं, खोली पुरत नाही. ती भाड्यानं देऊन स्वतः दुसरीकडं भाड्यानं राहायचं आणि हप्ता भरत राहायचं. अशी तीन कुटुंबं मला वाकड-थेरगाव भागात भेटली, तिन्ही परभणी-हिंगोलीकडची. विकायला काढलं तर गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, असं तिघांनीही सांगितलं. संत नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात आहे. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांतल्या एकात शेजारीण विचारते की तुमची ही झोपडी कुणी बांधून दिली, मीही त्याला दुप्पट मजुरी देते. शेजारणीच्या डोळ्यांनी आपलं घर बघायची ओढ सातशे वर्षांपूर्वीही होती. त्या ओढीपायी वीस वर्षांचं कर्ज मात्र कुणी काढू नये.

*

आता भाचीच्या त्या वाक्याकडं येतो. माझ्या नावावर पाव गुंठासुद्धा नाही.

ते खरं नव्हतं, आणि ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरचा हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर झाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो. २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते, यानं फरक पडत नाही. भाऊजींच्या मागं अक्का, मुलगा आणि मुलगी असे तीन वारस. साडेचार एकरांत प्रत्येकाचा तिसरा हिस्सा. म्हणजे कालव्याच्या पाण्याखालचं दीड एकर रान, साठ गुंठे, भाचीचं आहे. दोनशे नव्वद फुटांच्या घराला तिनं एक लाख ऐंशी हजारांचा मुद्रांक भरायचा, आणि ते साठ गुंठे पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर सोडून द्यायचे! तेही घराला कमी पडणाऱ्या ३ लाख ४० हजारांच्या बदल्यात. तेवढ्या पैशांत आमच्याकडं बागायती दीड एकर कुणी दाखवावं.

हे मी ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा भाचा गप्प झाला. तो लबाड नाही, हे मी पुन्हा सांगतो. बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं तिला साडीचोळी करायची, माहेर उघडं ठेवायचं, ही रीत त्यानं लहानपणापासून पाहिली. माझ्याही बहिणींनी अशीच सही केली आहे. त्यात अक्काही आहे. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर रान करून दिलं. सरकारनंही १९९२ मध्ये सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. मी तेव्हा तरुण होतो, सभांना जायचो, टाळ्या वाजवायचो. त्याच वर्षांत अक्कानं हक्कसोडपत्रावर सही केली आणि मी तिला घेऊन वसमतच्या निबंधक कार्यालयात गेलो होतो. ते मला आज लाजिरवाणं वाटतं.

भाच्याची अडचण मात्र खरी होती. सामायिक सातबाऱ्यावर कर्जाला सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि सहीसाठी पुण्याहून एक दिवसाची रजा काढून यावं लागतं. त्यावर उपाय हिस्सा सोडणं हा नाही. वाटप करून घेणं हा आहे. सहहिस्सेदारांची संमती असेल तर महसूल कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदार वाटप करून देतात, प्रत्येकाचा सातबारा वेगळा होतो. साठ गुंठ्यांना तुकडेबंदीची अडचण नाही. बहिणीनं आपलं रान भावालाच बटाईनं किंवा ठोक्यानं कसायला द्यावं, हिशेब वर्षाला एकदा करावा. मालकी तिची, कसणूक त्याची. भाचीनं लगेच विचारलं, “दादा, ठोक्याचे मला वर्षाला किती देशील?” त्यानं आकडा सांगितला. ओसरीवर भावा-बहिणीत रानाचा व्यवहार उघडपणे बोलला गेला, तो आमच्या घराण्यात पहिल्यांदाच.

रान विकून शहरात घर घ्यायचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. घर विकून पुन्हा घर घेता येतं. पण नावावरचा शेवटचा सातबारा गेला की पुढं शेत घेताना शेतकरी असल्याचा दाखला कुठून आणायचा? मुलीच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला हळद संशोधन केंद्र होत आहे. हे रान उद्या काय मोलाचं होईल ते आज सही घेणाऱ्यालाही माहीत नाही.

*

मग घर घ्यायचं की नाही? भाचीला मी माझं मत दिलं ते असं. हे घर नको. तयार नाही, अर्धा पगार खातं, आणि अक्का आली तर मावत नाही. भाडं बारा हजार, हप्ता नि देखभाल तेवीस. मधले अकरा हजार दर महिन्याला बाजूला पडू देत. पाच वर्षांत मुद्दलच साडेसहा लाखांवर जातं, हातचे पाच लाख आणि ठोक्याची रक्कम वेगळी. तोवर म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत अर्ज करत राहावा. पुणे महानगर भागात वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना अत्यल्प गटात, नऊ लाखांपर्यंत अल्प गटात भरता येतो. आणि पुढं घेशील तेव्हा तयार घर घे, एकट्या तुझ्या नावावर घे, एक भिंत मधे असलेलं घे, लहान का असेना. आतली खोली दार लावून घेता आली पाहिजे.

तिनं निम्मं ऐकलं. म्हणाली, “मामा, भिंतीचं पटलं. पण घर मी घेणारच. भाड्याच्या खोलीत म्हातारी व्हायचं नाही मला.” मला त्यावर उत्तर सुचलं नाही, आणि द्यायचंही नव्हतं. तिला घर हवं आहे ते तिच्या पगारावर, तिच्या गरजेनं, ती ठरवेल तेव्हा व्हावं. हिस्सा सोडल्याच्या बदल्यात मिळालेल्या पैशांनी ते होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

ज्या घरांत या दिवाळीला पुण्या-मुंबईहून मुली येतील, त्या घरांतल्या भावांना, मामांना, काकांना माझी विनंती आहे. फराळ झाल्यावर सातबारा काढून ओसरीवर ठेवा आणि तिला वाचायला द्या. घराचा नकाशा त्यानंतर उघडा.

आमच्या घरी बुकिंगचे पैसे भरले गेले नाहीत. हक्कसोडपत्राचा मसुदा अक्कानं स्वतः फाडला. वारस नोंदीचा अर्ज मे महिन्यात दिला, फेरफार जुलैमध्ये मंजूर झाला. सातबाऱ्यावर आता तीन नावं आहेत, आणि वाटपाचा अर्ज तहसीलमध्ये आहे.